शिडाची नौका आणि डागडुजीचे अर्थशास्त्र

२९ मे २०२५ रोजी भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्याला परतली. दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याचा किनारा सोडला होता. जवळजवळ आठ महिने केवळ वाऱ्याच्या आधारावर त्यांनी महासागर ओलांडले. त्यांचे यथोचित कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र या कौतुकात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ‘तारिणी’ ही नौका नवी नव्हती. २०१७ साली ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन ती पहिल्या प्रदक्षिणेला निघाली. त्या प्रवासात परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने तिला मॉरिशसला थांबावे लागले होते. तीच नौका, तेच महासागर, आणि मध्ये सहा वर्षांचा काळ. या सहा वर्षांत तिचा तळ कोणी खरवडला, तिच्या तारा कोणी तपासल्या, तिची शिडे कोणी शिवली, याची बातमी होत नाही. परंतु दुसरी प्रदक्षिणा शक्य झाली ती या बातमी न होणाऱ्या कामामुळेच.

दूरच्या समुद्रावरील शिडाचा प्रवास हा शौर्याचा विषय आहे, यात शंका नाही. पण त्याहूनही अधिक तो डागडुजीचा विषय आहे, आणि नेमक्या याच बाबतीत आपल्या समाजाने काही शिकण्यासारखे आहे.

मुंबईची ‘सुहैली’

या संदर्भात मुंबईकरांनी अभिमानाने सांगावी अशी एक कथा आहे; दुर्दैवाने ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. नऊ स्पर्धक उतरलेल्या १९६८-६९ च्या जगप्रसिद्ध ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकच नौका प्रवास पूर्ण करून परतली. तिचे नाव ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदर सोडले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते तेथेच परतले. एकट्याने आणि कोठेही न थांबता केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. ज्या नौकेने हा विक्रम केला, ती अवघी ३२ फूट लांबीची सागवानी नौका मुंबईत, कुलाब्याला बांधलेली होती. १९ डिसेंबर १९६४ रोजी ती पाण्यात उतरली. तिचा आराखडा त्या काळीही जुना, १९२० च्या दशकातला होता. आणि तिच्या फळ्या तासल्या, जोडल्या त्या आपल्याच सुतारांनी, वाकस आणि सामता यांसारख्या पिढीजात हत्यारांनी.

नॉक्स-जॉन्स्टन हे धनिक नव्हते. व्यापारी जहाजावर ते अधिकारी होते. नौका इंग्लंडला नेत असताना पैसे संपले म्हणून त्यांना दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली होती. शर्यत सुरू होऊन काही आठवडे लोटतात न लोटतात तोच नौकेत पाणी येऊ लागले. कण्यालगतच्या फळ्यांचे सांधे सुटले होते. तेव्हा भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून त्यांनी त्या सांध्यांत कापूस ठोकला, त्यावर कॅनव्हासची पट्टी लावली आणि पट्टीवर तांब्याचा पत्रा ठोकून बसवला. जे काम मुंबईचा सुतार वर्षातून एकदा कोरड्या जमिनीवर बसून करतो, ते त्यांनी अटलांटिकच्या लाटांत केले. पुढे स्वयंचलित सुकाणू निकामी झाले, रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी दूषित झाले. तरीही नौका चालत राहिली. कारण त्या नौकेतील प्रत्येक खिळा कोठे आहे आणि तो कसा बदलायचा, हे तिच्या मालकाला ठाऊक होते.

‘सुहैली’चे पुढचे आयुष्यही बोधप्रद आहे. १९९७ मध्ये तिला ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवण्यात आले. परंतु संग्रहालयाच्या कोरड्या, नियंत्रित हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. जी नौका दक्षिण महासागराच्या वादळांना पुरून उरली, ती सन्मानाच्या दालनात खिळखिळी होऊ लागली. अखेर २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले, दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले. वारशाची पूजा करणे आणि वारसा वापरात ठेवणे यांतला फरक याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

खाऱ्या पाण्याचा हिशेब

जुनी नौका सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे एकदा समजून घेतले पाहिजे. समुद्राचे पाणी कोणालाही सवलत देत नाही. लाकडी तळाला पोखरणारा किडा लागतो. फायबरच्या तळात पाणी मुरून फोड येतात. तळावर शिंपल्यांचे थर चढतात आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी तळ खरवडून त्यावर तांबेयुक्त रंग द्यावा लागतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बाहेरून लखलखीत दिसतात, पण आतून थकलेल्या असतात. म्हणून त्या तुटण्याची वाट न पाहता दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. पाण्याखालील धातू गंजून जाऊ नयेत म्हणून त्यांच्याशेजारी जस्ताचे ठोकळे बसवतात. हे जस्त आधी झिजते आणि मूल्यवान भाग वाचतो. शिडाचे कापड टिकले तरी त्याची शिवण उन्हाने आधी कुजते. यांपैकी एकही काम भव्य नाही, आणि एकही पुढे ढकलता येत नाही.

पाश्चात्त्य देशांतील नौकाधारकांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे : नौकेच्या किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम दरसाल तिच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावी. जुनी नौका स्वस्तात मिळते, पण ती स्वस्तात राहत नाही. म्हणूनच तिकडचा शिक्षक किंवा कारकून अशी नौका घेतो तेव्हा मजुरीचा खर्च वाचवण्यासाठी रंग, सुतारकाम, शिवणकाम स्वतः शिकतो. तेव्हा शिडाची नौका हा केवळ श्रीमंतांचा शौक आहे, हा आपल्याकडील समज अर्धसत्य आहे. नवी चकचकीत नौका श्रीमंताची असेल. जुनी नौका मात्र ज्याचे हात कामाला सरावले आहेत त्याची असते. आपल्या लष्कराच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘तृष्णा’ या ३७ फुटी नौकेतून, आणि तीही इंग्लंडमध्ये विकत घेतलेली, आधी वापरलेली नौका होती. सप्टेंबर १९८५ मध्ये निघालेली ‘तृष्णा’ जानेवारी १९८७ मध्ये मुंबईला पोहोचली.

साष्टी बेटावरील नागरिक

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली सारी उपनगरे साष्टी बेटावर वसलेली आहेत. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. आपण बेटावर राहतो, याचा लोकलच्या गर्दीत आपल्याला पार विसर पडला आहे. तो ज्यांना पडलेला नाही, असे लोक मात्र आपल्या शेजारीच आहेत. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील कोळीवाड्यांत दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तळ घासला जातो, सांधे भरले जातात, रंग दिला जातो, जाळी विणली जातात. ही बंदी कायद्याने आज घातली असली तरी तिच्यामागील शहाणपण जुने आहे. पावसाळ्यात समुद्र बंद ठेवायचा, होडीला विश्रांती द्यायची आणि नारळी पौर्णिमेनंतर दुरुस्त झालेली होडी पाण्यात लोटायची, असे हे वार्षिक अंदाजपत्रकच आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली आंग्रेकालीन गोदी हीच साक्ष देते. आरमार म्हणजे नुसत्या तोफा नव्हेत, तर गलबते दुरुस्त करण्याची सोयही, हे आंग्र्यांना कळले होते.

परंतु आज या परंपरेच्या मुळांनाच धक्का लागतो आहे. होड्यांवरील शीड यंत्र आल्यावर गेले. त्याची खंत करण्याचे कारण नाही, कारण कोळ्याला पोट आहे. लाकडाची जागा फायबर घेत आहे, हेही समजण्यासारखे आहे. मात्र त्याबरोबर होडी बांधणारा आणि दुरुस्त करणारा सुतार नाहीसा होत आहे, आणि होड्या ओढण्याच्या मोकळ्या जागांवर शहराची नजर आहे. किनाऱ्यावर रस्ते व सेतू उभे राहत आहेत. त्यांची गरज नाकारता येणार नाही. पण होडी शाकारायला जी पन्नास पावलांची वाळू लागते तिचे मोल कोणत्याच आराखड्यात धरले जात नाही. एकदा ती जागा गेली की कोळीवाड्यात मासे विकले जातील, होडी मात्र दुरुस्त होणार नाही.

याचा परिणाम दिसू लागला आहेच. २०१८ साली ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत पन्नास वर्षांनी जुन्या पद्धतीने पुन्हा भरवण्यात आली, तेव्हा अभिलाष टॉमी यांच्यासाठी मुंबईच्या ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधण्यात आली. ती बांधली गेली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून भारतीयाची पहिली एकल पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ज्या नौकेतून न थांबता तोच प्रवास केला, ती ‘म्हादेई’ही दांडेकरांचीच निर्मिती. पुढे तिने एक लाखाहून अधिक सागरी मैलांचा प्रवास केला. गोव्याचे अभिनंदन करावे तेवढे थोडे आहे. पण मूळ नौका ज्या शहराने घडवली त्या शहराला तिची प्रतिकृती घडवण्याचे काम मिळाले नाही, हे मुंबईकराला टोचले पाहिजे. त्या शर्यतीत वादळात टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांना गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तरीही २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले. १९८८ पूर्वीचे आराखडे असलेल्या नौकाच चालतील, असा या शर्यतीचा नियमच आहे. वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूयंत्राचे भाग वाटेत मोडले तेव्हा नौकेतील हाती लागेल त्या साहित्यातून त्यांनी पर्यायी भाग तयार केले, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

‘योजनेतर’ मनोवृत्ती

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते की, स्थूल उत्पन्नातून घसारा वजा केल्याशिवाय निव्वळ उत्पन्न कळत नाही. परंतु व्यवहारात आपण स्थूल आकड्यांवर समाधान मानणारा समाज आहोत. कित्येक दशके आपल्या अंदाजपत्रकांत नव्या बांधकामाचा खर्च ‘योजनांतर्गत’ म्हणून गौरवला गेला, तर बांधलेले टिकवण्याचा खर्च बव्हंशी ‘योजनेतर’ म्हणून काटकसरीच्या कात्रीत सापडला. २०१७-१८ पासून केंद्राने हा भेद रद्द केला. कागदावरचा भेद गेला, मनातला मात्र गेला नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८ मध्ये रेल्वेमार्गावर कोसळला, तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करावा लागला आणि नवा पूल पूर्णतः खुला व्हायला मे २०२५ उजाडला. हे सारे उपनगरवासीयांनी भोगले आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांचेच पाहा. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दुरुस्ती निधीत आणि किमान पाव टक्का घसारा निधीत दरसाल जमा व्हावी लागते. मिळून एक टक्का! तरीही वार्षिक सभेत वाद होतो तो यावरच. आणि इमारत गळू लागली की दुरुस्तीऐवजी पुनर्विकासाची भाषा सुरू होते. समुद्रावर अशी चालढकल करणारा बुडतो, आणि लगेच बुडतो. जमिनीवर आपण सावकाश बुडतो, इतकाच फरक.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे उपनगरांच्या कोळीवाड्यांतील होड्या ओढण्याच्या व दुरुस्तीच्या जागा विकास आराखड्यात स्पष्टपणे राखून ठेवाव्यात आणि त्यांना धक्का लागणार असेल तर तेथेच पर्यायी जागा द्यावी. दुसरी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये लाकडी व फायबरच्या नौकांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम असावा आणि तो शिकवण्यासाठी पदवी नसलेल्या जुन्या कारागिरालाही मानधनावर बोलवावे. तिसरी, महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना एखादी जुनी शिडाची होडी मिळवून द्यावी. चालवायला तर खरीच, पण त्याआधी एक पावसाळाभर दुरुस्त करायला. सागवानाचा सांधा स्वतः भरलेल्या विद्यार्थ्याला घसारा म्हणजे काय, हे फळ्यावर समजावून सांगावे लागणार नाही.

‘तारिणी’ परतली तेव्हा टाळ्या वाजल्या त्या योग्यच होत्या. यापुढे एखादी नौका प्रदक्षिणा करून परतेल तेव्हा तिच्या खलाशांबरोबरच तिचा तळ घासणाऱ्याला, शीड शिवणाऱ्याला आणि तारा बदलणाऱ्यालाही धक्क्यावर मानाने उभे करावे. ज्या दिवशी हे आपल्याला स्वाभाविक वाटू लागेल, त्या दिवशी आपण दर्यावर्दी समाज आहोत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पुन्हा मिळेल; आणि आपले पूल व इमारतीही कदाचित अधिक वर्षे उभ्या राहतील.