हवाईच्या जंगलातील हिवतापाची साथ

हवाई बेटांपैकी माउईवर राहणारा किविकियू हा अतिसंकटग्रस्त वनपक्षी आता दीडशेहूनही कमी उरला आहे. त्याचा मोठा शत्रू आहे हिवताप.

पक्ष्यांचा हा हिवताप माणसाला होत नाही. मात्र तो पसरवणारा क्युलेक्स डास आपल्या ओळखीचा आहे. गटारांत, सेप्टिक टँकमध्ये वाढणारा हाच डास आपल्याकडे हत्तीरोग पसरवतो. हवाईत मुळात डास नव्हते. १८२६ च्या सुमारास ते जहाजांतून आले. त्यामुळे तेथील बहुतेक वनपक्ष्यांत या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. डोंगरमाथ्यावरील गारव्यानेच त्यांना तारले, कारण सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली डासाच्या शरीरात परजीवी वाढत नाही. तापमानवाढीमुळे हे कवचही आता विरळ होत आहे. २०१९ मध्ये काही किविकियू नव्या जंगलात हलवले, त्यांतले बहुतेक हिवतापाने मेले.

रानातल्या प्रत्येक पक्ष्यावर उपचार करणे अशक्य. म्हणून साखळी डासापाशीच तोडायची. २०२३ च्या अखेरीपासून माउईवर विशिष्ट वोल्बाकिया जीवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. नर चावत नाहीत आणि त्यांच्याशी मीलन झालेल्या स्थानिक मादीची अंडी उबत नाहीत. हे काम सातत्याने करावे लागते. खंड पडला की डास पुन्हा वाढतात. त्याच वर्षी अमेरिकेने हवाईचे ८ वनपक्षी नामशेष घोषित केले. किविकियूसाठी औषध हाताशी आहे, वेळ मात्र थोडा आहे.