सात घोडे आणि एक सूप

बारामतीला आमच्या मेव्हण्यांनी बंगला बांधला. सोफा आला, आणि सोफ्यामागची नऊ फुटी भिंत त्यांना खायला उठली. मी शाळेत असताना एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिली होती (पास झालो की नाही, हे आजवर कोणी विचारलेले नाही), म्हणून चित्र निवडायला मला इंदापूरहून बोलावणे आले.

दुकानदाराने पहिल्याच दमात सात पांढरे घोडे काढले.

"शुभ असतात, दाजी," मेव्हणे म्हणाले. "फक्त तोंड दाराकडे नको."

लक्ष्मी घोड्यावर बसून पळून जाते, असा काही हिशेब असावा. घोडे नकोत तर बर्फाचे डोंगर होते. तेही नकोत तर नुसते रंगांचे फराटे. ते सोफ्याच्या कापडाशी जुळत होते, हा त्यांचा एकमेव गुण.

"यात माणूस कुठंय?" मी विचारले.

"माणसं काय, घरात असतातच की!" दुकानदार म्हणाला.

इथे माझे डोके फिरले. अहो, याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला, राजा रविवर्म्याचा छापखाना होता! १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे इकडे आला. त्याने घरोघर लक्ष्मी-सरस्वती पोचवल्या, आणि त्यांच्या पदराआडून पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी शकुंतलाही माजघरात शिरली. सावळाराम हळदणकरांनी तर हातात दिवा धरलेली आपली स्वतःची मुलगी जलरंगात रंगवली. ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचेच समजतात, पण समजून का होईना, घरात लावतात. आणि आता आम्हाला माणूस नको! आमच्या भिंतीवर देवाला जागा आहे, घोड्याला आहे. माणसाला मात्र आधी मरावे लागते. मग फोटो मोठा होतो, हार चढतो, वर लाल बल्ब लागतो. जिवंतपणी कोणी त्याच्याकडे इतके निरखून पाहिलेले नसते.

हे भाषण मी दुकानात केले. मेव्हण्यांनी तोवर घोड्यांचा इसार देऊन टाकला होता.

घरी आलो तर माळ्यावर एक चित्र सापडले. चाळीस वर्षांपूर्वी ओळखीच्या ड्रॉइंगमास्तरांनी काढलेले. सासूबाई सूप घेऊन ज्वारी निवडतायत. एक कान अंमळ मोठा झालाय, पण बोटे! खडा सापडल्यावर थबकलेली ती बोटे अगदी त्यांचीच. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले होते.

"घोड्यांचं तोंड दाराकडे चालत नाही, आणि आईचं भिंतीकडे चालतं?" मी म्हणालो.

मेव्हणे वरमले. "तसं नाही, दाजी. आई हयात आहे. हॉलमध्ये लावलं तर लोक विचारतील, कधी गेल्या म्हणून."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "लावा की, जावईबापू. हार तेवढा घालू नका. अन् कुणी विचारलंच, तर मला हाक मारा. मीच सांगते."

दीड फुटाचे चित्र नऊ फुटी भिंतीवर लागले. घोडे जिन्यात आहेत. तोंड गच्चीकडे.