पोपटी पुरुषांची, बिर्याणी बायकांची

जानेवारी लागला की रायगडात पोपटीचे बेत सुरू होतात. अलिबाग, पेण, रोहा, कुठेही जा. वालाच्या शेंगा भरल्या की मडकी बाहेर निघतात. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मग रताळी, बटाटे, वांगी, अंडी आणि मधोमध मसाला चोळलेली कोंबडी. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र आवाज येतो. झाली पोपटी. आमच्याकडे शेंगा आगरी शेजाऱ्यांच्या शेतातल्या आणि कोंबडी आमच्या घरी जबह केलेली. मांस न खाणाऱ्यांचं मडकं वेगळं, जाळ एकच. त्यावरून कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

पण हे सगळं करतं कोण? पुरुष. माझे मामू, भाऊ, आता भाचे. शेंगा निवडण्यापासून जाळ सांभाळण्यापर्यंत सगळं हौसेने. दुसऱ्या दिवशी घरी मेहमान असले की हेच लोक बैठकीत बसून विचारतात, "बिर्याणीला दम बसला का?" मडक्यातला दम बाहेरून ओळखणाऱ्या माणसाला देगचीतला दम ओळखता येऊ नये?

आपल्या दावतीत बिर्याणी, सालन, कबाब, काहीतरी गोड, एवढं तरी लागतंच; नाहीतर म्हणे इज्जत जाते. फज्रनंतर चुलीपाशी उभी राहिलेली बाई जोहरपर्यंत तिथेच असते. मेहमान उठले की उरलंसुरलं घेऊन ती जेवायला बसते. मला शाळेतून रविवार तेवढा मिळतो. तोही असाच जायचा.

गेल्या हिवाळ्यात मी मेहमानांसाठी घरातच पोपटी लावली, ओव्हनच्या एका ट्रेमध्ये. किलोभर कोंबडीच्या मोठ्या तुकड्यांना चिरा दिल्या आणि आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी ट्रेमध्ये केळीचं पान, त्यावर बटाटे-रताळ्यांच्या जाड फोडी, चिरलेली छोटी वांगी, अख्ख्या शेंगा, भरपूर ओवा आणि सगळ्यात वर कोंबडी, म्हणजे तिचा रस खाली भाज्यांत उतरतो. वरून फॉइल. 200 अंशांवर अर्धा तास झाकून आणि पंचवीसेक मिनिटं उघडं. मांडीच्या सांध्यापाशी सुरी टोचल्यावर लाल पाणी आलं नाही की समजायचं झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, घट्ट झाकण आणि मंद आच. धुराचा वास तेवढा येत नाही, हे कबूल.

सासूबाई म्हणाल्या, "मेहमानांपुढे शेंगा ठेवणार?" त्यांची काळजी मी समजू शकते. चाळीस वर्षं त्यांची किंमत दस्तरखानावरच्या पदार्थांच्या संख्येवरून ठरली. मी त्यांना हजरत इब्राहीम (अ.) यांची आठवण करून दिली. मेहमाननवाजी म्हटलं की आपले सगळे वाइज त्यांचंच उदाहरण देतात. कुरआनात, सूरह हूदमध्ये, त्यांनी मेहमानांपुढे काय ठेवलं? भाजलेलं वासरू. उल्लेख एवढ्या एकाच पदार्थाचा आहे. आणि सूरह जारियातमध्ये ते गुपचूप घरात जाऊन ते वासरू स्वतः घेऊन येतात, मेहमानांच्या पुढे सरकवतात, खाण्याचा आग्रह करतात. (मेहमान फरिश्ते निघाले, जेवले नाहीत, ती गोष्ट वेगळी.) या आयतींवर बयान करून घरी आलेले किती जण स्वतः एक ताट तरी उचलतात?

बिर्याणी बंद करा, असं मी म्हणत नाही. ईदला, लग्नात ती हवीच. पण दर मेहमानाला पाच पदार्थ ही शरीअत नाही, ती आपणच घालून घेतलेली अट आहे. आणि ट्रेसुद्धा बाईनेच लावायचा असेल तर तिचे चार तास वाचतील, बाकी काही बदलणार नाही.

त्या दिवशी ट्रे आत गेल्यावर मी बैठकीत येऊन बसले आणि सगळ्यांबरोबर जेवले. लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांत घरच्या दावतीत असं पहिल्यांदाच घडलं. एक खाला सारख्या विचारत होत्या, "तुला आत काही काम नाही का?"

पुढच्या वेळी ट्रे नवऱ्याने लावला. मीठ जास्त झालं आणि ओवा राहिलाच. मेहमानांनी मात्र त्याचं इतकं कौतुक केलं, जितकं माझ्या बिर्याणीचं आजवर कुणी केलेलं नाही.