तुरीच्या मुलखात वरण पातळ का?

संपादक महोदय,


मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आमच्या बिदर-कलबुर्गी भागात शेतात जे जेवण होतं, त्याकडे नीट पाहा. भज्जी या मिश्र भाजीत तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, शेंगदाण्याचा कूट. जोडीला बाजरीचे उंडे आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. शरीराला लागणारं जवळजवळ सगळं एका पंगतीत येतं. पण ती अमावस्या सरली की उरलेलं वर्ष बरीच घरं भात, पातळ आमटी आणि चहा-बिस्किटावर काढतात. बिदरमधल्या मैलूरहून कामाला जाणाऱ्या बायांचे डबे दुपारी उघडतात तेव्हा पाहा. भात गच्च दाबलेला, आणि आमटी अशी की तिच्यातून डब्याचा तळ दिसावा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त उष्मांक नकोत, असं त्या सांगतात. आपल्याकडे ते ५० ते ७० टक्के येतात. डाळी, कडधान्यं आणि मांस-मासे मिळून १५ टक्क्यांपर्यंत हवेत, मिळतात ६ ते ९. दोन हजार उष्मांकांच्या जेवणात दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य असावं, म्हणजे दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती तूर कापणाऱ्या, झोडपणाऱ्या मजुराच्या ताटात तीच कमी पडावी, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. आहारातली ही उणीव रक्तातही दिसते: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) कर्नाटकातल्या पाच वर्षांखालच्या ६५.५ टक्के बालकांना आणि ४७.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता.

तुरीसारखी ज्वारीही ताटातून कमी झाली. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमही नाहीत आणि लोह १ मिलिग्रॅमहून कमी. ज्वारीच्या प्रथिनात जे उणं आहे ते तुरीच्या वरणातून भरून निघतं. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, वर लिंबाची फोड: यात विकत आणायची परदेशी वस्तू एकही नाही. लिंबामुळे लोह अंगी लागतं, जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते वाया जातं, हेही घरोघरी सांगायला हवं. आपल्या शिवारात ज्वारी हटून सोयाबीन आलं. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्यामागे दावणीची जनावरं आणि घरचं ताक गेलं. सोयाबीन तर थेट तेलगिरणीत जातं.

भाकरीला वेळ कुणाला आहे, असं विचारतात. प्रश्न खरा आहे. पीठ मळायचं, पाण्याचा हात फिरवत भाकरी थापायची, तव्याची धग सोसायची, हे सगळं बाईच्याच वाट्याला येतं आणि कामावरून थकून आलेल्या बाईला कुकर लावणं सोपं जातं. म्हणून तिला दोष देऊन भागणार नाही. घरातल्या पुरुषांनी परात पुढे ओढावी. कलबुर्गीत बचत गटांच्या बायांची कडक भाकरी ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने विकली जाते. असं काम बिदरच्या प्रत्येक तालुक्यात उभं राहायला हवं.

पण ताटाची दिशा मुख्यतः रेशनच ठरवतं. तांदूळ फुकट आणि ज्वारी महाग, तर गरीब माणूस तांदूळच शिजवणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रेशनवरच्या जादा ५ किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर आणि मीठ देणारं ‘इंदिरा आहार किट’ मंजूर केलं. डाळ देण्याचा हा निर्णय मी मनापासून योग्य मानते. साखर मात्र त्यात कशाला? मधुमेह गल्लोगल्ली पोचला असताना सरकारने ती पिशवीत घालू नये. तिच्यावरचा पैसा आमच्या दोन जिल्ह्यांत ज्वारीवर खर्च करावा. आणि किटातली तूर व ही ज्वारी बिदर-कलबुर्गीच्या शेतकऱ्यांकडूनच हमीभावाने घ्यावी. आमच्या भागातल्या आमदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनात मांडावी, अशी आपल्या पत्रातून विनंती करते.

आपली,
एक वाचक, मैलूर (बिदर)