कोर्टाच्या दंडाचे कर्ज

रमजानचा शेवटचा अशरा जवळ आला की घराघरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. शिल्लक पैसा, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज होते आणि अडीच टक्के रक्कम बाजूला निघते. ती कोणाला द्यावी, हे कुरआनच्या सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत सांगितले आहे. त्या आठ हकदारांमधले फकीर आणि मिस्कीन सर्वांना ठाऊक असतात. बंधनात अडकलेला माणूस आणि कर्जाखाली दबलेला माणूस हेही त्याच यादीत आहेत. कोर्टाचा दंड भरता न आल्याने अडकलेला गरीब या दोघांच्याही जवळचा. पण जकात वाटताना त्याची आठवण क्वचितच होते.

नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये निडीचे रेल्वे स्टेशन आहे. समजा, इथला एखादा तरुण धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर जातो आणि मारामारीच्या प्रकरणात पहिल्यांदाच दोषी ठरतो. 1958 च्या अपराधी परिवीक्षा कायद्यामुळे कोर्ट त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. मात्र याच कायद्याच्या कलम 5 नुसार त्याला नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च भरण्याचा हुकूमही होऊ शकतो. तीन वर्षे तो नीट वागला, मुदत संपली, तरी न भरलेली रक्कम संपत नाही. ती दंडासारखीच वसूल करता येते.

दंडाच्या वसुलीचे नियम कडक आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 8 नुसार राहिलेला दंड शिक्षा झाल्यापासून सहा वर्षांपर्यंत वसूल करता येतो. कैद त्याहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत. माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेली मालमत्ता सुटत नाही. दंडाऐवजीची कैद पूर्ण भोगली तरी विशेष कारणे नोंदवून कोर्ट वसुलीचे वॉरंट काढू शकते.

पाच हजारांचा दंड कागदावर सर्वांना सारखाच असतो. बांधलेल्या पगाराचा माणूस तो भरून त्याच संध्याकाळी घरी जातो. रोजंदारीवरचा माणूस त्यासाठी उसनवारी करतो, नाहीतर आत जातो. मग त्याला जादा कैद होते ती गुन्ह्यासाठी की गरिबीसाठी? सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली शांतीलाल खटल्यात सांगितले, की दंड न भरल्याची कैद ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, आणि ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थितीही पाहिली पाहिजे. अमेरिकेत 1983 साली बेअर्डन खटल्यात हाच प्रश्न आला. परिवीक्षेवर सुटलेल्या माणसाने आईवडिलांकडून उसने घेऊन 200 डॉलर भरले, नंतर नोकरी गेली आणि 550 डॉलर राहिले. त्याला तुरुंगात टाकण्याआधी तो खरोखर भरू शकत होता का, हे तपासायला हवे होते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

आपल्याकडे केवळ दंडाचीच शिक्षा असेल तर कोर्ट दोन किंवा तीन हप्ते देऊ शकते. पण दोन हप्त्यांत तीस दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे सगळे मिळून तीन महिने. मजुराला वर्षभराची मुदत मिळावी, अशी दुरुस्ती व्हायला हवी. केंद्र सरकारची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना दंडापोटी 25,000 रुपयांपर्यंत मदत देते. जिल्हाधिकाऱ्यांची समिती ती मंजूर करते. योजना चांगली आहे. पण ती तुरुंगात असलेल्यांसाठी आहे. बाहेर राहून बाकी फेडणारा तिच्यात बसत नाही.

ऐपत पाहून भरपाई ठरवण्याची रीत रमजानशी जोडलेलीच आहे. रोजा मोडल्याचा कफ्फारा देणे एका माणसाला कोणत्याच प्रकारे जमेना. तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्याला सदक्यात आलेली खजुराची टोपली दिली आणि त्याच्याहून गरीब कोणी नाही म्हटल्यावर ती त्याच्याच घरच्यांना खाऊ घालायला सांगितली, ही हदीस प्रसिद्ध आहे. चूक मान्य होती, माणूसही सांभाळला गेला.

गुन्हेगाराचा दंड आपण का भरावा, असे कोणी विचारील. ज्याने परिवीक्षा पाळली किंवा कैद भोगली, त्याचा गुन्ह्याचा हिशेब झालेला असतो; उरते ती त्याची गरिबी. शिवाय दंडातून पीडिताला भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. म्हणजे भरलेला पैसा त्याच्याही घरी पोहोचू शकतो. अशा बाकीसाठी जकात चालते का, हे आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. नफली सदक्याला तर धर्माचीही अट नाही.

अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हिराकोटात जिल्हा कारागृह आहे. कोणाचा किती दंड राहिला आहे याची चौकशी करून, पैसे थेट कोर्टात भरून पावती घ्यावी. एखाद्या जमातीने ईदपूर्वी असे एकच नाव सोडवले, तरी एका घराची ईद वेगळी होईल.