शेठजींची पत आणि सत्तावनचे साल

भिवंडीत पेढीवरून नगरपालिकेत जाणारी वाट जुनीच आहे. यंत्रमागांचा मालक किंवा सुताचा व्यापारी निवडणुकीस उभा राहिला की, शेटजींना राजकारण कशाला हवे, असा प्रश्न निघतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : धंदा सांभाळायला. हे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण ते एकमेव उत्तर नव्हे, याची साक्ष याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या एका घराण्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवली आहे.

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे, अर्थात नाना शंकरशेठ (1803-1865), यांचे मूळ घराणे मुरबाडचे. पित्याच्या निधनानंतर ऐन विशीच्या आतबाहेर त्यांच्या हाती मुंबईतील मोठी पेढी आली. अरब आणि अफगाण व्यापारीही आपला पैसा निःशंकपणे त्यांच्याकडे ठेवीत, असा त्या पेढीचा लौकिक होता. ही पत नानांनी केवळ व्याजबट्ट्यासाठी राखली नाही. शिक्षणसंस्थांना त्यांनी द्रव्य दिले. मुलींना शिकविणे हेच पाप मानले जाण्याच्या काळात मुलींच्या शाळेला गिरगावच्या आपल्या वाड्यात जागा दिली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, तिच्यामागे ज्या हिंदी व्यापाऱ्यांची उमेद होती, त्यांत नाना अग्रभागी होते.

परंतु दान करणारा व्यापारी म्हणजे राजकारणी नव्हे. नाना राजकारणी झाले ते 26 ऑगस्ट 1852 रोजी ‘बॉम्बे असोसिएशन’ स्थापन झाली तेव्हा. कंपनीच्या सनदेचा विचार विलायतेत चालू असताना या सभेने पार्लमेंटकडे अर्ज धाडला. राज्यकारभाराचा खर्च एवढा का, शिक्षणावर एवढे अल्प का, कायदे करणाऱ्या मंडळात देशी माणूस का नाही, हा त्या अर्जाचा रोख होता. ज्याचा पैसा त्याला हिशेब, हा पेढीवरचा साधा नियम या व्यापाऱ्याने राज्यसंस्थेला लावून पाहिला. भाषा नम्र होती. मागणी नम्र नव्हती.

पुढे पाचच वर्षांनी सत्तावनचे साल उगवले. त्या वणव्याने देशोधडीला लागलेले उत्तरेकडील मोमीन विणकर दक्षिणेस उतरले आणि मालेगाव-भिवंडीत त्यांनी माग मांडले, अशी हकिकत परंपरेने चालत आली आहे. त्याच वर्षी मुंबईत फोर्जेट या पोलीस अधिकाऱ्याने शिपायांचा कट उघडकीस आणला आणि ऑक्टोबरात दोघा शिपायांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय नानांवरही आला. चौकशी झाली, पुरावा मिळाला नाही, ते निर्दोष ठरले. तथापि, ज्याची सारी मत्ता शब्दावर उभी, त्याच्यावर राजद्रोहाचा नुसता संशयही किती भारी असतो, हे कोणत्याही पेढीवाल्यास सांगावे लागणार नाही.

या प्रसंगावरून दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा की, नाना छुपे क्रांतिकारक होते. दुसरा असा की, ते सरकारचे लाडके शेठ होते, म्हणून सुटले. पहिल्यास पुरावा नाही आणि दुसरा अन्यायाचा आहे. नाना तलवारीचे नव्हते, अर्जाचे होते. त्या अर्जालाही मर्यादा होत्या. तो वरच्या वर्गाच्या तोंडून बोलत होता आणि 1862 मध्ये नाना कायदेमंडळात बसले ते सरकारनियुक्तीने, लोकांच्या मतांनी नव्हे. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. सत्तेपुढे हिशेब मागणारा माणूस सत्तेला संशयास्पदच वाटतो, मग त्याच्या हाती बंदूक असो वा लेखणी. संशयाची झळ लागल्यावर वाड्याचे दार लावून व्याज मोजीत बसणे नानांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. अखेरपर्यंत ते सार्वजनिक कामात राहिले.

नानांच्या हयातीच्या अखेरच्या काळातच भिवंडीत नगरपालिका आली. आज तिथे महानगरपालिका आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेले हे गाव 1992-93 मध्ये शांत राहिले, ते मोहल्ल्या-मोहल्ल्यांत एकत्र बसलेल्या माणसांच्या परस्पर विश्वासावर. हा विश्वास म्हणजेच गावाची पत. व्यापाऱ्याने राजकारणात यावे की नाही, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. विचारायचे ते एवढेच : आपली पत तो लोकांच्या कामी पणाला लावतो आहे, की लोकांची पत आपल्या पेढीवर गहाण टाकतो आहे? मत टाकण्यापूर्वी भिवंडीच्या नागरिकाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.