तो सुटला, हे तिला कोण सांगणार?

माणूस तुरुंगातून सुटला की आधी कुणाला कळतं? त्याच्या वकिलाला. मग घरच्यांना, जामीन राहिलेल्याला, त्याच्या दोस्तमंडळींना. जिनं मार खाल्ला, फिर्याद दिली, तिचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तेही सरकारकडून नव्हेच. बेळगावात ऐकलेली गोष्ट सांगते. एका बाईला बाजारात भाजीवालीनं विचारलं, "काय वैनी, मालक आले म्हणे?" हे मालक म्हणजे तिला अर्धमेली करून जेलमध्ये गेलेला नवरा. सुटून चार दिवस झाले होते. ती टोमॅटो तिथंच टाकून मुलीच्या शाळेकडं पळाली.

गॅसचं सिलिंडर निघालं की आपल्याला मेसेज येतो. लाईटबिलाचा येतो, बँकेत पाच रुपये कापले तरी येतो. मग हाच एक मेसेज का येत नाही?

अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या मेरी बायरन या मुलीवर तिच्या पूर्वीच्या मित्रानं अत्याचार केला, तो तुरुंगात गेला. सुटला तर आम्हाला कळवा, असं घरच्यांनी सांगून ठेवलं होतं. तो जामिनावर बाहेर आला, कुणी कळवलं नाही. ६ डिसेंबर १९९३ ला, तिच्या २१व्या वाढदिवशी, कामावरून निघून ती गाडीत बसली होती. तिथं त्यानं तिला गोळ्या घातल्या.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्या गावानं 'व्हाइन' नावाची सोय सुरू केली. तुरुंगाच्या नोंदींना जोडलेलं एक यंत्र. कैदी सुटला, दुसऱ्या तुरुंगात हलवला, पळाला, की नाव नोंदवलेल्या बाईला आपोआप फोन जातो. ऐकलं म्हणून तिनं ठरलेला आकडा दाबला नाही तर पुन्हा वाजतो. आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ही सोय आहे. एक मुलगी गेल्यावर का होईना, त्यांना सुचलं.

आपल्याकडं कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५-अ आलं. जामिनाच्या सुनावणीची वेळेवर सूचना मिळणं हा पीडितेचा हक्क ठरला. लखीमपूर खिरीच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं मंत्रिपुत्राचा जामीन रद्द केला, तो पीडितांचं म्हणणं ऐकलं नाही म्हणूनही. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं आहे. तपासाचं कळवा, सुनावणीचं कळवा. पण दाराबाहेर पाऊल टाकलं त्या घडीचं कोण कळवणार?

यंत्र नाही म्हणावं, तर तेही खोटं. जामीन मिळूनही कागद पोचेपर्यंत कैदी आत अडकून पडतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये 'फास्टर' नावाची व्यवस्था सुरू केली. आदेश संगणकावरून थेट तुरुंगात. चांगलंच झालं. जामीन हा त्याचा हक्क आहे, कुणी एक दिवसही जास्त आत राहू नये. पण त्याच तारेवरून तिच्याकडं दोन ओळी जायला काय हरकत होती?

१५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानोंच्या प्रकरणातले ११ दोषी गोध्र्याच्या तुरुंगातून सुटले. बाहेर हारतुरे झाले. इतका मोठा निर्णय घेताना माझ्या सुरक्षिततेची कुणी चौकशीही केली नाही, असं त्या माउलीनं म्हटलं होतं. ८ जानेवारी २०२४ ला न्यायालयानं ती सुटका रद्द केली खरी, पण मधले ते सतरा महिने तिनं कसे काढले असतील?

काही शहाणे म्हणतात, असा मेसेज आला तर बाई उगाच घाबरेल. अहो, ती घाबरलेलीच आहे! कळलं तर निदान कडी लावील, पोरांना माहेरी पाठवील.

मात्र मेसेज सुरू केला म्हणजे झालं, असंही नको. आपल्यातल्या कितीजणींचा मोबाईल नवऱ्याच्या नावावर, सासऱ्याच्या हातात असतो. तेव्हा नंबर कुठला, हे तिनं सांगावं. बहिणीचा, आईचा, हवे तर दोन. आणि मेसेज नको, बोलणारा फोन हवा, तिच्या भाषेत. इथं सीमाभागात कोर्टाचा कागद कन्नडमध्ये येतो आणि मराठी शाळेत शिकलेली बाई तो वाचून घ्यायला दारोदार फिरते. शिवाय फोन तो गेटबाहेर पडण्याआधी यायला हवा, आणि उलट फोन केला तर ठाण्यात उचलणारं माणूस हवं. नाहीतर यंत्राला काय, ते स्मशानातही घंटी वाजवील.

सरकार करील तेव्हा करील. तोवर फिर्याद द्यायला एखादीबरोबर जाल तेव्हा एक अर्ज लिहून द्या, की सुटकेची, जामिनाची सूचना मिळावी. पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

आणि एक बोलायचंच आहे, राग आला तरी चालेल. त्याला जामीन कोण राहतं? बाहेरचं कुणी नाही. समाजातलंच एखादं प्रतिष्ठित घर, 'पोरगं चुकलं, सांभाळून घेऊ' म्हणत सातबारा घेऊन कोर्टात जातं. त्या घरच्या बाईला संध्याकाळीच सगळं माहीत असतं. दुसऱ्या दिवशी महिला मंडळात ती त्या मारलेल्या बाईच्या शेजारी सतरंजीवर बसते, तिला चहा देते, पोरींची चौकशी करते, आणि तेवढं एक वाक्य सांगत नाही.